एकावर एक, फ्री काहीच नाही

मुंबई-पुण्यातल्या टू बीएचकेचं जुलैतलं खरं क्षेत्रफळ काढायचं असेल, तर कार्पेट एरियातून ओले कपडे वजा करा. हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड, स्टँडवर चादरी. बेडरूमच्या दारावर टॉवेल. डायनिंगच्या खुर्च्यांवर जीन्स. टीव्हीच्या मागे, जिथे जरा ऊब असते तिथे, मोजे.

उरतो तो वन आरके.

मग आषाढातल्या एखाद्या रविवारी घरातलं कोणीतरी जाहीर करतं, ‘‘ड्रायर घेऊन टाकू.’’ हे जाहीर करणाऱ्याने उभ्या आयुष्यात डबलबेडची ओली चादर झटकून दोरीवर घातलेली नसते. योगायोग समजावा.

ठेवायचा कुठे? ड्राय बाल्कनीत. तिथे आधीच वॉशिंग मशीन आहे, गीझर आहे, कांदे-बटाट्यांची जाळी आहे, महिन्याची रद्दी आहे आणि ग्रिलवर कबुतराने थाटलेला संसार आहे. यात भाडं न देणारं एकटं कबूतर, आणि हलायला तयार नसलेलंही तेच.

तेव्हा दुकानातला टायवाला मुलगा तोडगा काढतो. ‘‘सर, स्टॅक करा ना. मशीनवर ड्रायर. जागा तेवढीच!’’

जमिनीचा भाव परवडेना म्हणून मुंबईत माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहायला लागली, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. यंत्रांनी तरी वेगळं काय करावं? फरक एवढाच, की यंत्राच्या वरच्या मजल्याला फ्लोअर राइज द्यावा लागत नाही.

लागतो. त्याला स्टॅकिंग किट म्हणतात.

*

आधी हिशेब. फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच खोल. म्हणजे जमिनीवरची जागा जवळपास चार चौरस फूट. ड्रायर शेजारी न ठेवता वर चढवला, तर हे चार चौरस फूट वाचले. तुमच्या भागात चौरस फुटाला वीस हजार मोजले असतील, तर झाले ऐंशी हजार.

बहुतेक ड्रायरपेक्षा ड्रायरच्या पायाखालची फरशी महाग.

तेव्हा एकावर एक रचण्यात शहाणपण आहे, हे मान्य. प्रश्न एवढाच, की ते शहाणपण दुकानातून घरी येईपर्यंत टिकतं का.

पहिली पायरी. कोण वर, कोण खाली? फ्रंट लोड मशीन साठ-सत्तर किलोचं. एवढं जड का? पोटात काँक्रीटचे ठोकळे असतात. मिनिटाला १२०० ते १४०० फेरे घेताना त्याने बाल्कनीभर नाचू नये म्हणून. ड्रायरचा ड्रम मिनिटाला पन्नासेक फेरे घेतो, आणि वजनालाही तो हलका. म्हणून धुणारं खाली, वाळवणारा वर. उलटं कधीच नाही.

जो राबतो तो खाली, जो नुसता तापतो तो वर. ऑफिसात दुसरं काय असतं?

टॉप लोडवाल्यांनी इथेच रजा घेतली तरी चालेल. झाकण वर उघडतं, त्यावर ड्रायर कसा ठेवणार? तरीही ‘सुताराकडून वर एक रॅक मारून घेऊ’ म्हणणारे निघतातच. रॅक होतो. मग कळतं, की झाकण आता अर्धंच उघडतं.

कपडेही अर्धेच धुवा.

दुसरी पायरी, किट. पत्र्याच्या-प्लास्टिकच्या चार पट्ट्या आणि मूठभर स्क्रू. जरा बरं असेल तर मधे ओढून बाहेर येणारी फळी. किंमत ऐकून गृहस्थ म्हणतो, ‘‘याचे एवढे?’’ आणि घरी जाऊन मशीनवर रबराची मॅट, मॅटवर प्लायवूड, प्लायवूडवर ड्रायर आणि बाकी देवावर हवाला.

वॉरंटी कार्डावर देवाची सही नसते.

किट कंपनीगणिक वेगळं, मॉडेलगणिक वेगळं. खालचं मशीन एका कंपनीचं, मागच्या दिवाळीत जुनं देऊन नवं घेतलेलं. वरचा ड्रायर दुसऱ्या कंपनीचा, यंदाच्या सेलमधला. एकाची खोली ५५ सेंटिमीटर, दुसऱ्याची ६५. पत्रिका जुळत नाही, पण बुकिंगची रक्कम परत मिळत नाही.

लग्नं अशीच ठरतात.

तिसरी पायरी, पाया. आपल्याकडे मशीन जमिनीवर ठेवायची पद्धतच नाही. ते चाकांच्या स्टँडवर असतं, खालून पुसता यावं म्हणून. किती वेळा पुसलं जातं, ते विचारू नका. शिवाय अंगावर फुलाफुलांचं कव्हर. आता कल्पना करा : चाकांवर सत्तर किलो, त्यावर कव्हर, त्यावर पन्नास किलोचा ड्रायर आणि खाली १४०० फेऱ्यांचा स्पिन.

याला स्टॅकिंग म्हणत नाहीत. दहीहंडी म्हणतात.

चाकं काढली तरी फरशी आहेच. बाल्कनीच्या फरशीला उतार असतो, असायलाच हवा, नाहीतर पाणी जाळीकडे कसं जाईल? पण उतार जसा पाण्याला कळतो, तसा मशीनलाही कळतो. तळाला एक बाजू अर्ध्या सेंटिमीटरने खाली असेल, तर १७० सेंटिमीटर उंचीवर तोच कल जवळपास दीड सेंटिमीटर होतो. मशीनचे पाय फिरवून उंची कमी-जास्त करता येते. गवंड्याची पाणसळ लावून ते नीट करून घ्या. पाणसळ नसेल तर मोबाइलमध्ये असते.

रील बघून झाली, की तीही उघडून बघा.

*

आता वीज. भिंतीतला मोठा प्लग १६ अँपिअरचा. २३० व्होल्टने गुणा, साधारण ३७०० वॅट होतात. मशीनचा पाणी तापवायचा हीटर दोन हजार वॅटच्या आसपास. साधा हीटरवाला ड्रायर दोन ते अडीच हजार. एकाच प्लगवर मल्टिप्लग लावून दोन्ही एकदम चालवले तर? बेरीज चौथीची आहे.

एमसीबीला ती येते. मल्टिप्लगला येत नाही, तो वितळतो.

म्हणून ड्रायरला स्वतंत्र प्लग, स्वतंत्र वायर. हे दुकानात कोणी सांगत नाही, इलेक्ट्रिशियन सांगतो. भिंतीला नुकताच रंग दिल्यावर.

ड्रायर तीन जातींचे. पहिला, पाइपवाला. हा गरम, दमट हवा चार इंची पाइपमधून बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे कुठे? शेजाऱ्यांच्या खिडकीत. पाइप बाहेर काढायची सोय नाही म्हणून तो तसाच बाल्कनीत सोडलात, तर चार लिटर पाण्याची वाफ घरातच फिरते.

कपडे वाळतात. भिंती भिजतात.

दुसरा, कंडेन्सरवाला. तो वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो आणि उष्णता घरात सोडतो. तिसरा, हीट पंपवाला. हा मंद आचेवर वाळवतो, कपड्यांना जपतो आणि वीज जवळपास निम्मीच खातो. पण वेळ जास्त खातो, आणि विकत घेताना खिसा खातो.

काहीतरी खाणारच. उपाशी ड्रायर अजून निघालेला नाही.

‘सगळं एकातच’वालेही बाजारात आहेत : धुणारंही तेच, वाळवणारंही तेच, रचायची भानगडच नाही. पाटीवरची बारीक अक्षरं वाचा. धुणं आठ किलो, वाळवणं पाच किलो. म्हणजे एका वेळी आठ किलो धुवायचे, पाच किलो वाळवायचे. उरलेले तीन किलो?

हॉलमध्ये, पंख्याखाली.

एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. यात कंपनीची जाहिरात चालत नाही, हा निसर्गाचा दर आहे. सात किलो सुती कपडे, ८०० फेऱ्यांचा स्पिन : कपड्यांत त्यांच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के पाणी राहतं, म्हणजे जवळपास पाच लिटर. तोच स्पिन १४०० वर नेला तर ते पन्नास टक्क्यांवर येतं, साडेतीन लिटर. फरक दीड लिटरचा, म्हणजे जवळजवळ एका युनिटचा. आणि त्यासाठी काय करायचं? एक बटण दाबायचं.

पण आपण स्पिन ८०० वरच ठेवतो. ‘कपडे खराब होतात.’ मग तेच कपडे दीड तास भाजतो.

महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांनी चढतात : शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, पुढे चौथा. हीटरवाला ड्रायर भरल्या फेरीला तीन-चार युनिट सहज घेतो. पावसाळ्यात एक दिवसाआड लावला, तरी महिन्याला पन्नासेक युनिट. आणि ती युनिटं तळाच्या स्वस्त पायरीवर मोजली जात नाहीत, सगळ्यांत वरच्या पायरीवर मोजली जातात.

स्टॅकिंग बाल्कनीतच होतं असं नाही. बिलातही होतं.

‘‘मग पंखाच बरा!’’ असं आजी म्हणतात. ७५ वॅटचा पंखा दहा तास फिरला, की पाऊण युनिट. स्वस्तच आहे.

कुबट वास त्यात फुकट.

*

थोडा इतिहास, फार नाही. १९३८ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने विजेवर चालणारा घरगुती ड्रायर बाजारात आणला. मूळ खटपट नॉर्थ डकोटातल्या रॉस मूर या गृहस्थाची. तिकडच्या हिवाळ्यात दोरीवरचे कपडे लाकडासारखे ताठ होत. म्हणून घरातच उन्हाळा आणायचा, आणि कंपनीने ड्रायरला नाव दिलं ‘जून डे’. जूनमधला लख्ख, उबदार दिवस.

आपल्याकडे त्या नावाने एकसुद्धा खपला नसता.

पण अमेरिकेचं आपल्याला फार कौतुक. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा भाचा व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना कपाटाचं दार उघडतो, आणि आत मशीनवर ड्रायर, छान पांढरे, जुळे. मामा-मामी भारावतात. भाचा तीन गोष्टी सांगत नाही. तिकडे ड्रायरसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन घरातच असते. पाइप बाहेर काढायचं भोक घर बांधतानाच ठेवलेलं असतं. आणि बाहेर दोरी बांधायची त्याच्या वसाहतीत परवानगीच नसते.

सोय म्हणून आपण जे बघतो, ती अर्धी सक्ती असते.

तिकडे बऱ्याच वसाहतींनी दोरीवर बंदी घातली. कपडे दिसले की म्हणे घरांचे भाव पडतात. शेवटी फ्लोरिडा, व्हरमाँट, कोलोरॅडो, मेन अशा राज्यांना कायदा करावा लागला, की नागरिकाला आपले कपडे उन्हात वाळवण्याचा हक्क आहे.

चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात कपडे उन्हात घालायला कायदा लागला!

हसू नका. आपले टॉवर त्याच रस्त्याने निघाले आहेत. ‘दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत’ हा ठराव सोसायटीच्या कुठल्याही सभेत विनाचर्चा मंजूर होतो. त्याच सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं. दोन कोटींचा फ्लॅट घेतल्यावर माणूस बनियन घालतो, हे जगाला कळता कामा नये.

मग ते बनियन वाळवायला पन्नास हजारांचं यंत्र.

याच शहरात महालक्ष्मीचा धोबीघाट आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचा. तिथे दोरीला चिमटा लागत नाही. दोन दोऱ्यांना पीळ देतात आणि त्या पिळात कपड्याचं टोक खोचतात. वारा कितीही सुटो, कपडा हलत नाही. आता तिथेही यंत्रं आली, ड्रायर आले, कारण पाऊस धोब्यालाही सोडत नाही. पण धोबी ड्रायर घेतो तो पोटासाठी. रोज किती कपडे निघाले, हे त्याला तोंडपाठ असतं.

आपल्याला ड्रायरचा फक्त ईएमआय पाठ असतो.

*

आता मुद्द्याचं.

मशीन ८५ सेंटिमीटर उंच, ड्रायर ८५. दोन्ही मिळून १७०, किटची फळी धरली तर थोडं जास्तच. ड्रायरची बटणं असतात अगदी वरच्या पट्टीवर, म्हणजे १६०च्या पुढे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर. आणि हे झालं डोकं. डोळे आणखी खाली.

म्हणजे यंत्र अशा उंचीवर बसवलं, की जिला ते वापरायचं तिला त्यावर काय लिहिलंय ते दिसू नये.

बटणांचं सोडा, पाण्याची टाकी बघा. कंडेन्सर आणि हीट पंपवाल्या बहुतेक ड्रायरमध्ये ती वरच्या कोपऱ्यात, बटणांच्या शेजारी असते. चार-पाच लिटरची. फेरी संपली, की ओढून काढायची, मोरीत ओतायची, परत बसवायची. भरलेली टाकी डोक्याच्या वरून, दोन्ही हात ताणून, न हिंदकळता.

नदीवरून हंडे आणणं बंद झालं, असं आपण समजत होतो.

उपाय आहे. बऱ्याच ड्रायरना पाणी थेट सांडपाण्याच्या पाइपात सोडायची नळी जोडता येते. बसवायला आलेल्या माणसाला हे आठवणीने सांगावं लागतं. सांगितलं नाही, तर तो टाकी दाखवतो, सही घेतो आणि जातो.

सही पाच फूट दहा इंचवाला करतो. टाकी पाच फूटवाली काढते.

आणखी एक. ओलं धुणं खालच्या मशीनमधून काढून वरच्या ड्रायरमध्ये टाकायचं. सात किलो कपडे ओले झाले की अकरा किलो. वाकायचं, पिळा सोडवायचा, उभं राहायचं, खांद्याच्या उंचीवर कोंबायचं. दोन्हींची दारं एकाच बाजूला उघडत नसतील, तर मधे एक गिरकीही घ्यायची. ड्रायरचं दार बऱ्याच मॉडेलमध्ये फिरवून दुसऱ्या बाजूला लावता येतं.

फिरवून घेतलेलं घर शोधून दाखवा.

दुकानात टेप कोणाच्या हातात असते? घरातल्या उंच पुरुषाच्या. तो रुंदी मोजतो, खोली मोजतो, ईएमआय मोजतो. धुण्याला येणाऱ्या मावशींची उंची कोणी मोजत नाही. मावशींना दुकानात नेत नाहीत. मग त्या घरी प्लास्टिकचं स्टूल घेतात, ओल्या, उताराच्या फरशीवर ठेवतात आणि चढतात.

ब्रोशरमधल्या फोटोत सगळं असतं. स्टूल नसतं.

जाळीचंही तेच. ड्रायर कपड्यांची लव खेचून दाराशी असलेल्या जाळीत साठवतो. दर फेरीनंतर ती बोटाने पुसायची, दहा सेकंदांचं काम. न पुसल्यास हवा कोंडते, कपडे वाळत नाहीत, बिल वाढतं. आणि लव म्हणजे कापूसच, पेटायला किती वेळ? लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका टॉवरला ऑगस्ट २०१६ मध्ये आग लागली, ती सातव्या मजल्यावरच्या एका बिघडलेल्या ड्रायरपासून. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात घरगुती ड्रायरच्या आगींचं पहिलं कारण अगदी सरळ लिहिलंय : साफ केला नाही.

आपल्याकडे एसीची जाळी कधी धुतली होती? हं. पुढे जाऊ.

*

ड्रायर आला. पण बाल्कनीत जाईल का? यंत्र ६० सेंटिमीटरचं. बाल्कनीचं दार दोन-सव्वादोन फुटांचं, त्यातून चौकट वजा करा, पूर्ण न उघडणारी झडप वजा करा. माणसं दमतात, कोणीतरी म्हणतं, ‘‘दारच काढू या.’’ दार निघतं.

ते परत बसलेलं पाहिलंय कोणी?

आत गेला, तर वर गीझर. गीझर हलवायचा तर पाइप हलवायचे. पाइप हलवायचे तर टाइल्स फोडायच्या. टाइल्स फोडायच्या तर तसल्याच टाइल्स आता मिळत नाहीत. ड्रायरच्या किमतीत हे कुठेच धरलेलं नसतं.

प्लंबरच्या किमतीत सगळं धरलेलं असतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर आणखी जपून. अकरा महिन्यांचा करार, बाराव्या महिन्यात टेम्पो. हलवताना मशीनच्या ड्रमला मागून अडकवायचे बोल्ट लागतात. ते बसवायच्या दिवशी काढून एका पिशवीत ठेवले होते. पिशवी कुठे आहे? आणि नव्या घरातली बाल्कनी १७० सेंटिमीटरला मोकळी असेलच, हे कोणी सांगितलं?

ब्रोकरने. म्हणजे कोणीच नाही.

आणि एक दिवस खालचं मशीन बिघडतं. यंत्र आहे, बिघडणारच. टेक्निशियन येतो, बघतो, मान हलवतो. ‘‘वरचं कव्हर खोलावं लागेल. हे काढून ठेवा साहेब, मग परत कॉल टाका.’’ ‘हे’ म्हणजे छातीच्या उंचीवरचा पन्नास किलोचा ड्रायर. घरातले दोन पुरुष एकमेकांकडे बघतात.

एकाला स्लिप डिस्क असते, दुसऱ्याला मीटिंग.

शेजारी-शेजारी ठेवली असती, तर काय झालं असतं? चार फूट लांब, स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीचा सपाट कट्टा मिळाला असता. टाकी छातीच्या खाली, बटणं डोळ्यांसमोर, टेक्निशियन खूश. शिवाय वाळलेल्या कपड्यांच्या घड्या तिथल्या तिथे. एकावर एक रचल्यावर तो कट्टा गेला. मग वाळलेला ढीग कुठे जातो? बेडवर. बेडवरून रात्री खुर्चीवर. खुर्चीवरून सकाळी परत बेडवर.

कपडे तुंबतात ते वाळवण्यात नाही, घड्या घालण्यात. त्याचं मशीन दुकानात आलेलं नाही.

आणि ऑक्टोबर उजाडला, की काय? मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि सप्टेंबरअखेर रेंगाळतो. बाकीचे आठ महिने फुकटचं ऊन, तेही चांगलं रणरणतं. तेव्हा ड्रायर काय करतो? त्याच्या डोक्यावर सूटकेस चढते. सूटकेसवर आकाशकंदिलाचा खोका. खोक्यावर गणपतीचं मखर.

वाढीव बांधकाम. पालिकेची परवानगी नाही.

तर मग निकाल काय?

घरात तान्हं बाळ असेल, कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, कोकणातल्या पावसात घर असेल, किंवा टॉवरने दोरीच बंद केली असेल, तर ड्रायर ही चैन नाही. बिनदिक्कत घ्या. परवडत असेल तर हीट पंपवाला घ्या. जागा एकाच यंत्राची असेल तर एकावर एक रचा : खाली फ्रंट लोड, वर त्याच कंपनीचा ड्रायर, मधे त्या मॉडेलचंच किट, तळाला चाकं नाहीत, प्लग वेगळा, पाण्याची नळी थेट सांडपाण्यात.

दोन्ही यंत्रांना शेजारी-शेजारी जागा असेल, तर रचण्याचा मोह टाळा. फोटो चांगला येतो म्हणून पाठ मोडून घेऊ नका.

आणि यातलं काहीच नसेल, नुसतं ‘सगळे घेतायत’ एवढंच असेल, तर स्पिन १४०० वर न्या, पंखा लावा आणि चार महिने मोजे टीव्हीमागे राहू द्या. मोज्यांची तक्रार नाही.

पैसे भरण्याआधी मात्र एक करा. घरात रोज धुणं लावणारं जे कोणी असेल, त्याला दुकानात न्या. एकावर एक ठेवलेल्या यंत्रांसमोर उभं करा. टाच न उचलता वरची टाकी बाहेर काढता आली, तर घ्या. नाही आली, तर टेप गुंडाळा आणि घरी या.

हा निकाल कोणाला मान्य नसेल, तर हरकती जरूर कळवा. अट एकच : घरातलं शेवटचं धुणं ज्याने वाळत घातलं, पत्र त्याच्याच अक्षरात हवं.